टाइपच्या भांडणात पडायच्या आधी या चुका टाळा

आमच्याकडे कॉलेज रोडच्या ऑफिसात नवीन पोरगं आलं की दुसऱ्याच दिवशी विचारतं, सर पायथॉन भारी की जावा? भांडण तेच जुनं: टाइप, म्हणजे माहिती आकडा आहे की मजकूर, हे कोड चालवायच्या आधीच तपासणारी स्टॅटिक भाषा (जावा) बरी, की चालताना तपासणारी डायनॅमिक (पायथॉन)? आधी डेटा बघ रे बाबा.

सगळ्यात मोठी चूक, फाईलमधून आलेला आकडा हा आकडाच आहे असं धरून चालणं. मी स्वतः खाल्लीय ही. लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याला रोजच्या लिलावाचा कमी-जास्त भाव काढून द्यायची छोटी पायथॉन स्क्रिप्ट केली होती, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाईल) वाचायची आणि मॅक्स-मिन काढायचं, बास. दोन महिने मस्त चालली. मग एक दिवस हलका माल आला आणि शेठचा फोन, "अहो, जास्तीत जास्त 950 आणि कमीत कमी 1200, हे कुठलं गणित?" झालं असं की भाव स्ट्रिंगच, म्हणजे नुसता मजकूरच, राहिले होते आणि स्ट्रिंगची तुलना पहिल्या अक्षरापासून होते, म्हणून 9 वाला 2100 च्याही वर गेला. तोवर सगळे भाव चार आकडी होते म्हणून उत्तर आपोआप बरोबर येत होतं. एरर नाही, काही नाही.

लगेच कुणीतरी म्हणणार, बघा, स्टॅटिक हवं होतं. अरे पण जावातही लिस्ट स्ट्रिंगची ठेवली असती तर कंपायलर (कोड चालवायच्या आधी तपासून भाषांतर करणारा प्रोग्राम) गपगुमान सोडून देणार आणि उत्तर हेच 950 येणार! टाइप तुम्ही खरा सांगितला तरच तो राखण करतो. मी आता फाईल वाचतानाच भावाचा इंट (पूर्णांक) करतो, मग कुणी "1,200" असा स्वल्पविराम घालून पाठवला तर तिथंच बोंबलतं, शेठच्या फोनवर नाही.

डायनॅमिक म्हणजे ढिसाळ, हा दुसरा गैरसमज. पायथॉनमध्ये "5" या स्ट्रिंगमधून 1 वजा करा, टाइपएरर येतो. जावास्क्रिप्ट 4 देऊन मोकळं.

पायथॉनमध्ये टाइप हिंट (कुठं कुठला टाइप हवा ते सांगणाऱ्या कोडातल्या नोंदी) लिहिले म्हणजे झालं असंही नसतं. 2015 ला पायथॉन 3.5 मध्ये आले खरे, पण पायथॉन चालताना ते तपासत नाही, मायपाय हे तपासणीचं टूल वेगळं चालवावं लागतं आणि घाईतली पोरं तेच विसरतात.

टाइपस्क्रिप्टमध्ये (टाइप जोडलेलं जावास्क्रिप्ट) चुकीची लाल रेघ आली की एनी (काहीही चालेल असा टाइप) टाकणाऱ्यांनी सरळ जावास्क्रिप्टच लिहावं, निदान फसवणूक तरी नाही.

आणि एकदाच चालवायच्या चाळीस ओळींना टाइपचा संसार मांडत बसू नका, मीपण मांडत नाही. फक्त माझी ती कांद्याची स्क्रिप्टही "एकदाच" चालवायची होती.