अर्जात ‘बळजबरी’ लिहिण्याआधी

अमळनेरात कोर्टाबाहेर टेबल टाकून मी सव्वीस वर्षं अर्ज टाइप करून दिले. बांधावरून भांडून आलेल्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘ताई, लिहा, त्याने बळजबरी केली.’ मी लगेच टाइप करत नाही. आधी विचारते, ‘काय हाललं?’

कायद्यात बळ म्हणजे ताकद नव्हे, हालचाल. भारतीय न्याय संहितेचं कलम 128 (जुन्या दंड संहितेत 349) सांगतं की दुसऱ्याला हलवणं, त्याच्या हालचालीची दिशा किंवा वेग बदलणं, किंवा चालत्याला थांबवणं, हे बळ वापरणं. एखादी वस्तू अशी हलवली की ती त्याच्या अंगाला, अंगावरच्या कपड्याला किंवा हातातल्या सामानाला लागली, तरी तेच. हे तीन प्रकारे होतं: स्वतःच्या अंगाने, एखादी वस्तू अशी ठेवून की पुढे ती आपोआप हलेल, किंवा जनावराला हलायला लावून.

जनावराचा प्रकार आमच्याकडे फार येतो. समजा, तुम्ही बैलगाडीत बसला आहात आणि शेजाऱ्याने तुम्हाला बोटही न लावता बैलांना चाबूक मारला. बैल उधळले, गाडीसोबत तुम्हीही ओढले गेलात. हे तुमच्यावर वापरलेलं बळ आहे. पण उभ्या रिकाम्या गाडीला लाथ मारली, तर ते तुमच्यावरचं बळ नाही. तिथे नुकसानीची वाट धरावी लागते, तिला कायद्यात आगळीक म्हणतात.

नुसतं बळ गुन्हा नाही. गर्दीत धक्का लागतोच. कलम 129 मधला ‘फौजदारीपात्र बलप्रयोग’ होण्यासाठी ते जाणूनबुजून, समोरच्याच्या संमतीशिवाय केलेलं हवं, आणि त्यामागे एखादा गुन्हा करायचा इरादा हवा, किंवा इजा, भीती वा त्रास होईल याची जाणीव हवी. म्हणून अर्जात हेतूचं वाक्य हवंच: आधी काय धमकी दिली, कशावरून राग होता.

आणि काठी उगारली पण मारली नाही, तर? तो कलम 130 चा हमला. आता बळ वापरणार अशी भीती हातवाऱ्याने किंवा तयारीने घातली, एवढं पुरतं. नुसत्या शिव्या हमला नव्हेत, मात्र त्या शब्दांनी हातवाऱ्याला अर्थ येतो. म्हणून काठी कुठल्या हातात होती, किती हातांवर होता, तोंडाने काय म्हणाला, हे सगळं एकत्र लिहा.

सुरुवातीच्या काळात मी एकाच्या अर्जात ‘जबर मारहाण केली’ असं टाइप केलं. मला ते वजनदार वाटलं होतं. उलटतपासात त्याला विचारलं, कुठे मारलं? तो खरं बोलणारा माणूस, म्हणाला, ‘मारलं नाही, गाडीवरून खाली ओढलं.’ समोरच्या वकिलाने तेवढंच धरून ठेवलं. ओढणं हेच बळ होतं, आणि ते मी लिहिलंच नव्हतं. त्या दिवसापासून मोठे शब्द मी सोडले.

अहिराणीत सांगणाऱ्याचं वाक्य आहे तसंच आधी कागदावर घ्या. ‘तेन्ही माले ढकली दिन्हं’ यात कोण, कुणाला, काय, हे सगळं आहे. मग फक्त जागा, वेळ, कुठल्या हाताने ढकललं आणि अंगाला कुठे लागलं एवढं जोडायचं.

तारीख नीट बघा. 1 जुलै 2024 पासून न्याय संहिता अंमलात आहे, त्याआधीच्या घटनेला जुनी दंड संहिताच लागते. साध्या हमल्याला वा बलप्रयोगाला कलम 131 मध्ये तीन महिन्यांपर्यंत कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा अदखलपात्र आहे, सगळे ज्याला एनसी म्हणतात तो. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, म्हणून नोंदीची प्रत घेऊन थेट कोर्टाची वाट विचारा. दुखापत झाली असेल तर कलमं वेगळी लागतात, तेव्हा सरकारी दवाखान्यात तपासून कागद घेऊनच या.

‘बळजबरी केली’ ऐवजी मी आता असं लिहिते: ‘सकाळी आठच्या सुमारास, माझ्या शेताच्या पूर्वेकडील बांधावर, त्याने दोन्ही हातांनी माझ्या छातीला धक्का दिला, मी मागे चारीत पडलो, डोक्यावरची टोपली कापसासकट सांडली.’