पार्शल गुडघारोपणानंतर या चुका टाळा : आधी सूज बघा, मग पावलं मोजा

गुडघ्याचे तीन कप्पे असतात : आतला, बाहेरचा आणि वाटीच्या मागचा. पार्शल गुडघारोपणात यातला झिजलेला एकच कप्पा बदलतात, बहुतेकांचा आतला. वाटी, सांध्याच्या मधोमध असलेले दोन्ही क्रुसिएट लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारे दोर) आणि उरलेली कूर्चा, म्हणजे हाडांवरचं गुळगुळीत अस्तर, जागच्या जागी राहते. म्हणून पेशंट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभा राहतो आणि आठवड्याभरात घरातल्या घरात हिंडू लागतो. पूर्ण सांधा बदललेल्या माणसापेक्षा हे नक्कीच लवकर होतं.

घोटाळा इथूनच सुरू होतो. टाका लहान असला तरी आत हाड कापलेलं असतं, सांध्याचं आवरण उघडून शिवलेलं असतं. दहाव्या-बाराव्या दिवशी दुखणं कमी होतं, पेशंट काठी कोपऱ्यात ठेवतो, स्वयंपाकघरात तासभर उभा राहतो, आणि तिसऱ्या आठवड्यात गुडघा टम्म फुगून आखडतो. मग "ऑपरेशन बिघडलं का?" असा फोन जातो. बहुतेक वेळा ऑपरेशन ठीकच असतं, बिघडलेला असतो तो दिवसभराचा हिशोब.

सुजेकडे दुर्लक्ष

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. सांध्यात पाणी साठलं की मांडीच्या पुढच्या स्नायूला मज्जारज्जूकडून येणारा संदेशच कमी होतो, स्नायू पूर्ण जोर लावतच नाही. तुम्ही कितीही मनापासून पाय उचलला तरी सुजलेल्या गुडघ्यावर ताकद येत नाही, आणि ताकद नाही म्हणून चालताना गुडघा लचकतो, लचकला की पुन्हा सूज. हे चक्र व्यायाम वाढवून तुटत नाही. आधी सूज उतरवावी लागते.

शिवणकामाची टेप घ्या. सकाळी उठल्या उठल्या, पाय सरळ ठेवून, वाटीच्या मधोमध घेर मोजा आणि वहीत लिहा. संध्याकाळी पुन्हा मोजा. संध्याकाळी थोडी वाढ होणारच. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा आदल्या सकाळएवढा खाली आला, तर कालचं चालणं गुडघ्याला मानवलं. एक सेंटीमीटर किंवा जास्त वरच राहिला, तर आज कालच्या निम्मं चाला. व्यायाम बंद करू नका, उभं राहणं आणि चालणं कमी करा. ही साधी टेप पावलं मोजणाऱ्या घड्याळापेक्षा पहिल्या सहा आठवड्यांत जास्त उपयोगाची आहे. घड्याळ रोज जास्त मागतं, सूज मात्र खरं सांगते.

सोफ्यावर बसून पाय स्टुलावर ठेवला म्हणजे पाय वर घेतला, असं होत नाही. आडवं पडायचं, आणि टाच छातीपेक्षा उंच येईल अशा दोन-तीन उशा पोटरी व टाचेखाली द्यायच्या. अर्धा तास, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ पातळ ओल्या नॅपकिनमध्ये गुंडाळून 15 ते 20 मिनिटं. गोठलेल्या मटारची पिशवी गुडघ्याभोवती छान बसते. टाक्याच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधिर असते, मधुमेहात संवेदना आणखी कमी असू शकते, म्हणून मध्येच एकदा कातडीचा रंग बघा. पांढरी किंवा लालभडक दिसली की बर्फ काढा. पहिल्या काही आठवड्यांत गरम शेक नको, त्याने सूज वाढते.

गुडघ्याखाली उशी

उशी घेतली की लगेच बरं वाटतं, म्हणूनच ही सवय सुटत नाही. पण थोडा वाकलेला गुडघा रात्रभर तसाच राहिला की मागचं आवरण आणि मांडीमागचे स्नायू त्याच लांबीवर आखडतात. पूर्ण सरळ न होणारा गुडघा प्रत्येक पावलाला लंगडवतो, आणि पुढे तो सरळ करणं वाकवण्यापेक्षा अवघड जातं.

तपासायला सोपं आहे. सपाट पलंगावर पाय लांब करा आणि गुडघ्याखाली हात सरकवा. दुसऱ्या पायापेक्षा जास्त फट सापडली, तर काम बाकी आहे. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा मोकळा लोंबू द्या. सुरुवातीला पाच मिनिटं, मग दहा, दिवसातून तीन-चार वेळा. मागच्या बाजूला ताण जाणवला पाहिजे, कळ नको. त्याच वेळी गुडघा खाली दाबून मांडी घट्ट करा, पाच अंक मोजा, सोडा. असं दहा वेळा.

पाय सरळ उचलण्याच्या व्यायामात एक बारीक चूक होते. टाच फूटभर वर येते, पण गुडघा मध्ये वाकलेलाच राहतो. म्हणजे मांडीचा स्नायू अजून तयार नाही आणि उचलण्याचं काम जांघेतले स्नायू करतायत. अशा वेळी पन्नास वेळा उचलूनही मांडी भरत नाही. परत मांडी घट्ट करण्याच्या व्यायामावर या, गुडघा कुलूप लावल्यासारखा सरळ झाला की मगच उचला.

वाकवण्यासाठी जोरजबरदस्ती

साधारण दोन आठवड्यांत 90 अंश आणि सहा आठवड्यांत 110 ते 120 अंश वाकणं हे बहुतेकांना जमतं. ऑपरेशनच्या आधी गुडघा किती वाकत होता, त्यावरही हे बरंच अवलंबून असतं. 90 च्या आतच अडकून राहिलात तर सहा आठवडे वाट पाहू नका, चौथ्या आठवड्यातच सर्जनना दाखवा. पण घरच्यांनी घोटा धरून ढकलणं सपशेल चूक. दुखलं की स्नायू आपोआप आवळतात, आत सूज येते, आणि मिळालेले पाच अंश दुसऱ्या दिवशी परत जातात.

खुर्चीत बसा. पाय जमिनीवर जितका मागे जाईल तितका सरकवा. आता पाऊल तिथेच रोवून ठेवून कंबर खुर्चीत पुढे सरकवा. गुडघा स्वतःच्या वजनाने वाकतो. 15 ते 20 सेकंद थांबा, मागे या, दहा वेळा. पलंगावर टाच ओढताना चादर अडकत असेल तर टाचेखाली प्लास्टिकची पिशवी किंवा गुळगुळीत ताट ठेवा.

प्रगती मोजायला त्याच खुर्चीत, पाठ टेकून बसा. पाय जास्तीत जास्त मागे घेऊन अंगठ्याच्या टोकाशी फरशीवर चिकटपट्टी लावा. पुढच्या रविवारी पुन्हा बघा. रोज बघू नका. रोजचे आकडे वरखाली होतात आणि त्यातून नुसती चिडचिड होते. आठवड्याचा फरक मात्र डोळ्यांना दिसतो. तिसरा ते सहावा आठवडा हा फार चिकट असतो, काही सुधारतच नाही असं वाटतं. त्या पट्ट्यांची रांग तेव्हा कामी येते.

काठी चुकीच्या हातात

उजवा गुडघा झाला असेल तर काठी डाव्या हातात. ऑपरेशनचा पाय आणि काठी एकाच वेळी पुढे. त्याच बाजूला काठी धरली की अंग त्या पायावर कलतं आणि भार उलट वाढतो. चपला घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडा, काठीची किंवा वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे. उंच असेल तर खांदे वर चढतात, बुटकी असेल तर कंबर वाकते.

"लोक काय म्हणतील" म्हणून काठी लवकर टाकू नका. लंगडत न चालता घराबाहेर जाता येईल तोवर ती हातात असू द्या. लंगडणं काही आठवड्यांत सवय बनतं आणि कंबरेला धरतं. चालताना आधी टाच टेकवा आणि पाय उचलताना गुडघा वाकू द्या. लाकडासारखा ताठ पाय फरफटवत चालणं हीसुद्धा भीतीने लागलेली सवय असते. सुरुवातीला एकदम अर्ध्या तासाच्या फेरीऐवजी पाच-पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, एका पायरीवर दोन्ही पाय. कठडा सोडायचा नाही. एकेका पायरीवर एकेक पाय टाकणं मांडीत ताकद आल्यावर, बहुतेकांना सहा आठवड्यांनंतर.

घरातली पायपुसणी, सतरंज्या आणि चार्जरच्या वायरी पेशंट घरी येण्याआधीच उचला. बाथरूममध्ये दांडी हवी, भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा. रात्री पॅसेजमध्ये दिवा चालू ठेवा.

गोळ्यांचा गोंधळ

वेदनाशामक गोळी "सवय लागेल" म्हणून पहिल्या आठवड्यातच बंद केली की व्यायाम होत नाहीत आणि गुडघा आखडतो. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी पडेल अशी वेळ जुळवा. उलट बाजूची चूकही तितकीच नेहमीची : पॅरासिटामॉल चालू असताना ट्रामाडॉल (जास्त जोराचं वेदनाशामक) आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली जोडगोळी घेणं. त्या जोडगोळीत बहुधा 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आधीच असतं. मोठ्या माणसाला 24 तासांत सगळं मिळून 4 ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल जाता कामा नये. वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर डॉक्टर याहून कमी मर्यादा ठरवतात. मेडिकलमधून डायक्लोफेनॅकसारखी दुखणं-सूज कमी करणारी गोळी आणून स्वतःच घेणं मूत्रपिंड, रक्तदाब किंवा पोटाचा त्रास असणाऱ्यांना धोक्याचं आहे, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर तर जास्तच. ट्रामाडॉलने बद्धकोष्ठ होतं, तेव्हा पाणी, पालेभाज्या आणि गरज पडली तर डॉक्टरांनी दिलेलं औषध पहिल्या दिवसापासून.

रक्त पातळ करणारी गोळी मात्र सांगितलेले सगळे दिवस घ्या. पोटरीपासून घोट्यापर्यंत निळं-जांभळं उतरलेलं दिसतं म्हणून ती मनाने थांबवू नका. पहिल्या पंधरवड्यात साकळलेलं रक्त असं खाली उतरतंच.

मालिश, हळद आणि घरातलं अँटिबायोटिक

ओळखीचे मालिशवाले पहिल्या आठवड्यातच यायला तयार असतात. पोटरीच्या शिरेत गुठळी झालेली असेल तर चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पोटरी एका जागी दुखते, ताठरते, पूर्ण पाय सुजतो आणि रात्रभर उशीवर ठेवूनही उतरत नाही, तर त्याच दिवशी दाखवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी गाठा. घोटा वरखाली हलवण्याचा व्यायाम जागे असताना दर तासाला दहा-वीस वेळा करा, तो यासाठीच सांगतात.

टाक्यांवर हळद, तेल, मलम काही नको. टाके किंवा पिना साधारण 12 ते 14 दिवसांनी निघतात, तोवर जखम कोरडी. जखमेतून पाणी किंवा पू येतो, लाली पसरते, ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर जातो, तर सर्जनकडे जा आणि जाण्याआधी घरातली अँटिबायोटिक गोळी घेऊ नका. तिने जंतू दबतात, सांध्यातलं पाणी तपासूनही नेमका जंतू सापडत नाही, आणि उपचार लांबतो. मधुमेह असेल तर या काळात साखर वरचेवर तपासा.

काय सोसायचं, काय नाही

गुडघा कित्येक महिने दुसऱ्यापेक्षा गरम लागतो. चालताना टक् असा आवाज येतो. टाक्याच्या बाहेरच्या बाजूचा बधिर पट्टा हळूहळू लहान होतो, थोडा कायमही राहतो. सांध्याच्या आतल्या बाजूला, नडगीच्या वरच्या टोकाशी दुखणं बरेच महिने रेंगाळतं, कारण धातूच्या पट्टीखालचं हाड नव्या भाराला सरावत असतं. रात्रीचं ठसठसणं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत झोप मोडतं; संध्याकाळी उशिरा व्यायाम टाळा, झोपण्याआधी पाय उंच घेऊन बर्फ लावा, कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी घ्या.

पण त्याच आतल्या जागी एकाएकी इतकं दुखलं की पाय टेकवतच नाही, तर हाडाला तडा गेलेला असू शकतो. भार काढा, एक्स-रे काढा. गुडघा पिरगळला, आत काही सटकल्यासारखं झालं आणि गुडघा अडकला, तर हलत्या बेअरिंगचा, म्हणजे धातूच्या दोन भागांमध्ये सरकणारा, प्लास्टिकचा तुकडा जागेवरून निसटलेला असू शकतो. तो ओढाताण करून घरी बसवायचा नसतो.

मांडी घालण्याची घाई

आपल्याकडे पहिला प्रश्न हाच असतो : पूजेला, पंगतीला खाली बसता येईल का? पार्शलनंतर गुडघा पुष्कळ वाकतो, आणि काही जण पुढे मांडीही घालतात. तरी बेअरिंग हलतं आहे की पक्कं, आतला कप्पा बदलला की बाहेरचा, यावर उत्तर बदलतं. डिस्चार्ज कार्डावर इम्प्लांटचं, म्हणजे बसवलेल्या कृत्रिम भागाचं, नाव असतं. ते दाखवून सर्जनना स्पष्ट विचारा, शेजारच्या काकूंच्या अनुभवावर जाऊ नका. त्यांचा सांधा, वजन, मांडीची ताकद सगळं वेगळं. तोवर चौरंगापेक्षा उंच, गुडघ्याएवढं स्टूल वापरा, आणि उकिडवं बसणं टाळा.

गाडीसाठीही हेच. उजवा पाय असेल तर साधारण सहा आठवडे थांबा. मग बंद गाडीत बसून पाय ॲक्सिलरेटरवरून उचला आणि ब्रेकवर पूर्ण जोराने आपटा. कळ आली किंवा पाय अडखळला तर अजून वेळ आहे. स्कूटर उशिरा, कारण सिग्नलला उभं राहताना तिचं सगळं वजन एका पायावर अचानक येतं.