ब्लॅक फॉरेस्टच्या उतारावर या चुका टाळा

श्टुटगार्टच्या आसपास नोकरीला आलेली मराठी मंडळी पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात हमखास ब्लॅक फॉरेस्टमधल्या बाड विल्डबाडचा बाइक पार्क, म्हणजे माउंटन बाइकने डोंगर उतरण्याची जागा, गाठतात. फोर्ट्सहाइमहून एस ६ गाडी थेट गावात सोडते आणि तिथून दोराने ओढली जाणारी झोमरबर्गबान ही डोंगरी रेल्वे सायकलीसकट डोंगरावर नेते. चढ नाही, घाम नाही. गोम इथेच आहे. आपल्याकडे टेकडी चढताना अंग मोकळं होतं, ब्रेकचा अंदाज येतो, कुठला स्क्रू ढिला आहे तेही कळतं. इथे थंड अंगाने आणि अनोळखी सायकलवर एकदम जर्मनीतल्या अवघड डाउनहिल ट्रॅकपैकी एकाच्या तोंडाशी उभे राहता. बहुतेक चुका त्याआधीच झालेल्या असतात.

डावा हात

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. आपल्याकडे स्कूटर, मोटरसायकल आणि बहुतेक सायकलींचाही पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. स्कूटरवर वाढलेला माणूस घाबरला की आधी डावा लिव्हर दाबतो, कारण तो मागच्या चाकाचा आणि म्हणून बिनधोक. जर्मनीत नेमकं उलट असतं, डावा लिव्हर पुढच्या चाकाचा. तोही तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, एका बोटाने चाक जागीच थांबवणारा. उतारावर तो करकचून दाबला की माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो.

डोक्यात लक्षात ठेवून भागत नाही, हाताला सवय लावावी लागते. पार्किंगच्या सपाट जागेत पंधरा-वीस वेळा वेग घ्या आणि जोरात थांबा, प्रत्येक लिव्हर वेगवेगळा वापरून. ब्रेकचे पॅड नवे असतील तर ते डिस्कवर बसायलाही हेच करावं लागतं, तेव्हा वेळ फुकट जात नाही. लोक बघतात, बघू द्या.

ब्रेक धरून ठेवणं

घाट उतरताना ट्रक खालच्या गिअरमध्ये ठेवतात, कारण नुसत्या ब्रेकवर सोडला तर ब्रेक तापून निकामी होतात. सायकलला इंजिनचा आधार नाही, तरी नवखा माणूस वरपासून खालपर्यंत ब्रेक हलके दाबूनच उतरतो. पॅड तापतात, उष्णता तेलापर्यंत पोचते आणि खालच्या वळणावर लिव्हर दाबूनही सायकल थांबत नाही. सरळ पट्ट्यात, वळणाच्या आधी जोरात ब्रेक लावा आणि वळणात सोडून द्या. दोन ब्रेकांच्या मध्ये डिस्कला वारा मिळाला पाहिजे. बोटं आखडायला लागली तर बाजूला थांबा. मागून येणाऱ्याला दिसाल अशा जागी, उडीच्या खाली नाही.

बिघाड ओळखणं तसं सोपं आहे. तापल्यावरच लिव्हर ढिला पडतो आणि थंड झाल्यावर ठीक होतो, म्हणजे दोष चालवण्याच्या पद्धतीत. डिस्कवर पाणी ओतून थंड करू नका, ती वाकते. थंड असतानाही लिव्हर स्पंजसारखा दबत असेल तर नळीत हवा शिरली आहे, ती सायकलवाल्याकडून काढून घ्या. किंचाळतो पण पकड नाही, म्हणजे पॅडला तेल लागलंय; हे बहुधा चेनवर स्प्रे मारताना होतं. असे पॅड घासत बसण्यापेक्षा बदललेले बरे. आणि ब्रेकमध्ये तेल भरताना झाकणावर काय लिहिलंय ते वाचा. शिमानो कंपनीच्या ब्रेकना मिनरल ऑइल लागतं, स्राम कंपनीच्या बऱ्याच ब्रेकना डॉट फ्लुइड. चुकीचं भरलं तर आतली रबरी सील फुगतात आणि अख्खा ब्रेक टाकून द्यावा लागतो.

आधीच्या गिऱ्हाइकाचं वजन

भाड्याच्या सायकलचा शॉक, म्हणजे धक्के शोषणारा हवेचा दांडा, आधी जो बसून गेला त्याच्या वजनाला लावलेला असतो. हेल्मेट, गार्ड, पाठीवरची पिशवी सगळं चढवून सायकलवर बसा. शॉकवरची रबरी रिंग किती सरकली ते बघा. मागच्या शॉकचा दांडा जास्तीत जास्त जेवढा दबतो (त्याला प्रवास म्हणतात) त्याच्या २५ ते ३० टक्के सरकायला हवी. शॉकचा प्रवास ६० मिमी असेल तर १५ ते १८ मिमी. कमी सरकली तर हवा काढा, जास्त सरकली तर भरा. दुकानातला पोरगा दोन मिनिटांत करून देतो, फक्त विचारावं लागतं.

टायर मात्र लोक रस्त्यावरच्या सवयीने टणक भरतात. सीट खाली न करता उतरणारेही दिसतात. यावर जास्त काय लिहायचं?

ओली मुळं

सह्याद्रीत मुरमावरून घसरताना चाक आधी कुरकुरतं, सूचना देतं. इथल्या स्प्रूस झाडांच्या उघड्या मुळांवर तसं काही नाही. पाऊस थांबून दिवस उलटला तरी दाट सावलीत ती ओलीच राहतात आणि चाक एका क्षणात निसटतं. मुळांवर ब्रेक नको, हँडल वळवणं नको. आधी वेग कमी करून मुळाला शक्य तितकं काटकोनात ओलांडा. तिरकं गेलात की चाक मुळाच्या कडेने घसरत जातं.

वाटांच्या फलकांवरच्या रंगांचंही बघून घ्या. इथे साधारणपणे निळा म्हणजे सोपा, लाल मधला, काळा अवघड. अमेरिकेतले व्हिडिओ बघून निळा म्हणजे मध्यम समजणाऱ्याचं इथे काही बिघडत नाही. पण लाल मध्यमच असेल असं धरून बाड विल्डबाडसारख्या ठिकाणी उतरू नका. पहिली फेरी सावकाश, थांबत थांबत, उड्या न मारता.

अ‍ॅपने दाखवलेली वाट

पार्कचं तिकीट वाचवून जंगलात मोकळं फिरू, असा विचार करणाऱ्यांसाठी हे. ब्लॅक फॉरेस्ट ज्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात येतं तिथल्या वनकायद्यानुसार जंगलात दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकल चालवायला मनाई आहे. वनखात्याने खास परवानगी दिलेल्या ट्रेल, म्हणजे आखलेल्या सायकलवाटा, तेवढ्या अपवाद. नियम १९९५ पासूनचा. तो हटवावा म्हणून पन्नास हजारांहून जास्त सह्यांची याचिका विधिमंडळापर्यंत गेली, पण नियम टिकला. माझ्या मते तो कालबाह्य आहे, पण दंडाची पावती मतं विचारत नाही. अ‍ॅपवर ठिपक्यांची सुंदर वाट दिसली तरी ती पायवाट असू शकते, म्हणून आधी पर्यटन कार्यालयाच्या अधिकृत ट्रेलशी ताडून पाहा. शेजारच्या राज्यांत नियम वेगळे आहेत, तिथला अनुभव इथे लागू नाही. ताशी ४५ किमीवाली ई-बाइक तर कायद्याने मोटारवाहनच. ती जंगलवाटेवर नेऊच नका.

श्टुटगार्टमध्येच राहत असाल तर सरावाला एवढ्या लांब जायचीही गरज नाही. मारियनप्लात्झहून डेगरलोखला चढणारी दातेरी रेल्वे सायकली वाहण्यासाठी वेगळा डबा लावते आणि वरून वुडपेकर ट्रेल कायदेशीरपणे खाली उतरता येते.

लाकूडतोडीसाठी लाल-पांढरी पट्टी लावून वाट बंद केली असेल तर रविवारीही ओलांडू नका. यंत्र बंद असलं तरी अर्धवट कापलेली, अडकून राहिलेली झाडं तिथे असतात.

विमा आणि गोचीड

भारतातून फिरायला आलेल्या भावाला, भाच्याला पार्कवर नेणार असाल तर त्याच्या प्रवास विम्याची अपवादांची यादी वाचा. बऱ्याच पॉलिसी साहसी खेळ वगळतात आणि इथलं हॉस्पिटलचं बिल रुपयांत मोजायला नको वाटतं.

घरी आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, केसांच्या कडेला गोचीड शोधा. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, डिंक काही लावू नका. गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम आजाराचे जंतू अंगात उतरायला बरेच तास लागतात, त्यामुळे लवकर काढण्यात फायदा आहे. गोचिडीतूनच येणारा मेंदूज्वराचा विषाणू मात्र ती चावताच शिरू शकतो आणि जवळजवळ अख्खं बाडेन-वुर्टेम्बर्ग त्याच्या धोक्याच्या क्षेत्रात येतं. त्यावर लस आहे, तीन डोसची. पहिल्या दोन डोसांत एक ते तीन महिन्यांचं अंतर ठेवतात, म्हणून डॉक्टरची वेळ जानेवारीतच घ्या.