निंबाच्या झाडात केळीचं पान: डबल एक्स्पोजर कसं करावं

रोलच्या कॅमेऱ्यात एकाच फ्रेमवर दोनदा प्रकाश पाडला की डबल एक्स्पोजर व्हायचं. आता तेच कॉम्प्युटरवर होतं, तत्त्व मात्र जुनंच: पहिल्या फोटोत जिथे काळोख, तिथेच दुसरा फोटो उमटतो.

म्हणून सगळ्यात जास्त वेळ पहिल्या फोटोला द्या. यावल-रावेरकडून सातपुडा कितीही देखणा दिसला तरी इथे तो उपयोगाचा नाही. डोंगर उत्तरेला, सूर्य त्याच्या पाठीमागे येतच नाही, मग काळीभोर आकृती मिळणार कुठून? त्यापेक्षा शेताच्या बांधावरचा एकटा निंब गाठा. मावळतीकडे तोंड करून खाली बसा, म्हणजे अख्खं झाड आभाळावर येतं. मोबाइलवर आभाळाला बोट लावलं की झाड आपोआप काळं पडतं.

दुसऱ्या फोटोसाठी चांगदेवचा तापी-पूर्णा संगम मी करून पाहिला. चकाकतं पाणी तेवढं उतरलं, काठ झाडाच्या काळ्यात बुडाले. केळीचं पान मात्र सुरेख बसतं. ऊन पानाच्या मागून येऊ द्या आणि अगदी जवळून टिपा. मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत गेलेल्या समांतर शिरा नांगरटीच्या तासांसारख्या दिसतात. वैशाखातल्या वाऱ्याने पान त्याच शिरांवरून चिरतं, फटींतून ऊन झिरपतं. असं फाटकं पानच निवडा.

आता गिम्प उघडा. फोटोवर काम करायचं हे सॉफ्टवेअर मोफत आहे. आधी झाडाचा फोटो घ्या आणि रंग काढून तो कृष्णधवल करा, नाहीतर संध्याकाळचा नारिंगी आणि पानाचा हिरवा मिळून मातकट होतात. मग फाइल मेनूतल्या 'ओपन ॲज लेयर्स'ने पान त्यावर आणा. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले फोटोंचे थर. लेयरचा मोड 'नॉर्मल' असतो, तो 'स्क्रीन' करा. पान झाडात शिरलेलं दिसेल. ते फिरवून, लहानमोठं करून दांडा बुंध्याच्या रेषेत आणा. चित्राचा जीव या जुळणीतच आहे.

आभाळातही पान दिसतंय? खालच्या, म्हणजे झाडाच्या लेयरवर उजेड-काळोख बदलणारं 'लेव्हल्स' उघडून पांढरा त्रिकोण डावीकडे सरकवा. हळूच, नाहीतर शेंड्याच्या बारीक डहाळ्या आभाळात विरून जातात.

शेवटी पानाच्या लेयरला पांढरा मास्क जोडा (मास्कवर जिथे काळा रंग लागेल तिथे लेयर झाकला जातो), मऊ ब्रशला काळा रंग घ्या, ओपॅसिटी म्हणजे रंगाचा दाटपणा 20-30 ठेवा आणि बुंध्यावरून दोन-चार हात फिरवा. पान खाली विरत गेलं आणि बुंधा काळा राहिला की झाड मातीत रुतलेलं वाटतं.

मोबाइलवरच करायचं असेल तर स्नॅपसीडमधलं 'डबल एक्स्पोजर' घ्या आणि 'लाइटन' निवडा. गिम्पची फाइल एक्ससीएफ या गिम्पच्याच प्रकारातही ठेवा, त्यात लेयर वेगळे राहतात. जेपीजीमध्ये लेयर एक होतात, मग पान पुन्हा हलवता येत नाही.