फोनवरची कामं कॉम्प्युटरवर उशिरा दिसतात? आधी या चुका टाळा

मी सात-आठ दुकानांचे हिशेब आणि जीएसटीची कामं बघतो. दुकानात उभा असताना कुणी काही सांगितलं की ते लगेच फोनवरच्या कामांच्या यादीत टाकतो, आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर एकेक काम उरकतो. एकदा १९ तारखेला एका दुकानदाराने सांगितलं, "त्या खरेदीचं टॅक्स क्रेडिट या महिन्यात घेऊ नका, माल परत पाठवतोय." (टॅक्स क्रेडिट म्हणजे खरेदीवर दिलेला जीएसटी आपल्या भरायच्या करातून वजा करून घेणं.) मी तिथेच नोंद केली. रात्री कॉम्प्युटरवर ती दिसेना. मला वाटलं, अ‍ॅप बिघडलं. फोनवरचं अ‍ॅप काढलं आणि पुन्हा टाकलं. जुनी सगळी कामं परत आली, ती एक नोंद मात्र आली नाही. दिवसभर दुकानांत फिरून डोकं शिणलेलं, ती माझ्याही लक्षात राहिली नाही. २० तारखेला जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचा महिन्याचा रिटर्न भरला, तो त्या क्रेडिटसकट. भरलेला ३बी बदलता येत नाही. पुढच्या महिन्यात क्रेडिट उलटवावं लागलं आणि दुकानदाराला तोंड दाखवायची लाज वाटली, ती वेगळी.

म्हणून सगळ्यात मोठी चूक पहिली सांगतो.

सिंक अडकलेलं असताना अ‍ॅप काढू नका

सिंक म्हणजे दोन्हीकडची यादी सारखी होणं. पण फोन आणि कॉम्प्युटर एकमेकांशी थेट बोलत नाहीत. तुम्ही लिहिलेलं काम आधी फोनमध्येच साठतं, तिथून कंपनीच्या सर्व्हरवर जातं आणि सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरतं. नेट नसेल किंवा अ‍ॅप झोपलेलं असेल, तर काम फोनमध्येच रांगेत थांबतं. त्या वेळी जगात त्याची ती एकच प्रत असते. अ‍ॅप काढलं, सेटिंगमध्ये जाऊन त्याचा डेटा पुसला किंवा घाईने लॉगआउट केलं, तर रांगेतलं काम त्याबरोबर जाऊ शकतं. नुसता कॅशे, म्हणजे तात्पुरत्या फाइली पुसल्याने सहसा काही बिघडत नाही, पण 'क्लिअर कॅशे' आणि 'क्लिअर डेटा' ही बटणं शेजारी-शेजारी असतात आणि गडबडीत बोट चुकतं. आधी न दिसणाऱ्या कामांचे स्क्रीनशॉट काढा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पुढचे सगळे उपाय त्यानंतर.

कुठे अडलंय ते न बघता उपाय करू नका

फोनवर एक नवं काम लिहा आणि त्याच्या नावात घड्याळातली वेळ घाला: 'चाचणी १०:४२'. मग कॉम्प्युटरवरचं अ‍ॅप बाजूला ठेवून ब्राउझरमध्ये तीच यादी उघडा. गूगल टास्क्स असेल तर जीमेलच्या उजव्या पट्टीत, मायक्रोसॉफ्ट टू डू किंवा टूडूइस्ट असेल तर त्यांच्या वेबसाइटवर. ब्राउझरमध्ये जे दिसतं तेच सर्व्हरवर पोचलेलं असतं. तिथे 'चाचणी १०:४२' नसेल तर फोनने ते पाठवलेलंच नाही, कॉम्प्युटरला हात लावू नका. तिथे असेल आणि कॉम्प्युटरच्या अ‍ॅपमध्ये नसेल, तर फोन निर्दोष आहे. मग उलट बाजूने कॉम्प्युटरवर एक चाचणी लिहून फोनवर बघा. या दोन चाचण्यांनी निम्मं काम होतं. माझ्या ओळखीतले लोक हे सोडून राउटर बंद-चालू करत बसतात.

बॅटरी वाचवण्याच्या नादात

दोष फोनच्या बाजूला निघाला, तर पहिला संशय बॅटरी सेटिंगवर घ्या. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६ पासून फोनमध्ये 'डोझ' नावाची सोय आहे. फोन चार्जिंगला नसेल, स्क्रीन बंद असेल आणि तो बराच वेळ हलला नसेल, तर अ‍ॅप्सचं नेट थांबवलं जातं आणि ठरावीक अंतराने थोडाच वेळ सोडलं जातं. फोन जितका जास्त वेळ पडून, तितकं हे अंतर वाढत जातं. सेटिंगमध्ये अ‍ॅपच्या नावावर जाऊन बॅटरीचा पर्याय 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. काही फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' नावाची वेगळी परवानगी असते, तीही द्या. डेटा सेव्हर चालू असेल तर त्यातून या अ‍ॅपला सूट द्या.

आयफोनवर 'बॅकग्राउंड अ‍ॅप रिफ्रेश' चालू आहे का बघा. लो पॉवर मोडमध्ये ते आपोआप बंद होतं. आणि दर थोड्या वेळाने सगळी अ‍ॅप्स वर सरकवून बंद करायची सवय सोडा. तसं बंद केलेलं अ‍ॅप तुम्ही स्वतः पुन्हा उघडेपर्यंत मागच्या मागे सिंक करत नाही.

सिंक होणारच नाही, तिथे वाट बघणं

फोनवर घरचा जीमेल आणि कॉम्प्युटरवर ऑफिसचा, हे फार जणांचं होतं. दोन खाती म्हणजे दोन वेगळ्या याद्या. वरच्या कोपऱ्यातला गोल फोटो दोन्हीकडे दाबून पत्ता अक्षर न् अक्षर ताडून बघा.

जुन्या पद्धतीच्या आउटलुकमध्ये मेल पॉप खात्याने (मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेणारी जुनी पद्धत) जोडलेला असेल, तर त्यातली कामं त्या कॉम्प्युटरवरच्या पीएसटी या आउटलुकच्या फाइलमध्येच राहतात. फोनवर ती कधीच येणार नाहीत, मेल आणण्या-पाठवण्याचं एफ९ बटण कितीही वेळा दाबा.

कुणी नेक्स्टक्लाउडसारख्या स्वतः चालवायच्या सर्व्हरवर यादी ठेवून ती कॅलडॅव्हने (कॅलेंडर आणि कामं सिंक करायची एक पद्धत) फोनवर आणत असेल, तर बहुतेक वेळा फोन ठरावीक वेळानेच सर्व्हरला विचारतो. त्यासाठीच्या डॅव्हएक्स५ या अँड्रॉइडवरच्या अ‍ॅपमध्ये तो काळ ठरवता येतो. चार तास असेल तर पंधरा मिनिटं करा, बॅटरी थोडी जास्त जाईल.

फोनचं किंवा कॉम्प्युटरचं घड्याळ हाताने लावलेलं असेल तर ते आपोआप वेळ घेण्यावर ठेवा. तारीख फार चुकली तर सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच होत नाही. काही अ‍ॅप्स दोन्हीकडे बदललेल्या कामात शेवटचा बदल कुठला हेही वेळेवरून ठरवतात, मग जुनं नव्याच्या डोक्यावर बसतं.

आता मी दुकानातून निघण्याआधी यादी खाली ओढून धरतो, गोल फिरणारी खूण थांबेपर्यंत उभा राहतो, आणि मग फोन खिशात टाकतो. १९ आणि २० तारखेला तर घरी पोचल्यावर ब्राउझरमध्येही एकदा बघतो.