आधी पिस्टन, मग बोअर

कमी पैशांत इंजिन बांधायचं आणि ताकदही थोडी वाढवायची असेल, तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना माल जरूर धुंडाळा. पण रिंगा, बेअरिंग, ऑइल पंप आणि गॅस्केट नवेच घ्या. तिथे वाचवलेले पैसे महागात पडतात.

ब्लॉक बोअर करायला, म्हणजे त्याचे झिजलेले सिलिंडर थोडे मोठे कापून घ्यायला, टाकण्याआधी ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा किंचित मोठे) पिस्टन हातात हवेत. ते मशीनवाल्याला ब्लॉकसोबतच द्या, म्हणजे प्रत्येक पिस्टन मोजून मशीनवाला त्या मापानुसार बोअर काढेल. नुसतं ‘पन्नासचं काढ’ (म्हणजे 0.50 मिमी मोठं) सांगून निघून येऊ नका. रिंगेची गॅप, म्हणजे बोअरमध्ये बसवल्यावर तिच्या दोन टोकांत राहणारी फट, स्वतः फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघा. उत्पादकाचं माप नसेल तर साध्या पेट्रोल इंजिनाला बोअरच्या दर इंचाला 4 थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे मारुती एस्टीमच्या 74 मिमी बोअरला साधारण 0.30 मिमी.

होनिंगनंतर (बोअरची आतली भिंत दगडाने घासून झाल्यावर) ब्लॉक साबणाच्या गरम पाण्याने घासा आणि लगेच तेल चोळून प्लास्टिकमध्ये गुंडाळा. आपल्या दमट हवेत कोरडा सिलिंडर एका रात्रीत तांबूस होतो, पावसाळ्यात तर विचारूच नका.

मोठा कार्बोरेटर, चकचकीत एअर फिल्टर? उरले पैसे तर.