टॉकबॅक लावून पहिला आठवडा

मी चार वर्षं साधं टेस्टिंग केलं, मग ॲक्सेसिबिलिटीकडे, म्हणजे दिव्यांगांनाही ॲप वापरता येतं का हे तपासण्याकडे आलो. काम सोपं वाटलं होतं: ॲपमधल्या चुका आपोआप शोधणारा स्कॅनर चालवायचा, सापडलेल्या चुका मोजायच्या, रिपोर्ट पाठवायचा. पैसे पाठवायच्या एका ॲपवर तसंच केलं. स्कॅनरला बटणांच्या नावांत काही वावगं दिसलं नाही. मग आमच्याकडे चाचणीला येणाऱ्या दृष्टिहीन काकांच्या हातात टॉकबॅक लावलेला फोन दिला. टॉकबॅक म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय. ते उजवीकडे स्वाइप करत गेले आणि फोन बोलत गेला, 'आयसी सेंड व्हाइट ट्वेंटिफोर, बटण.' काका हसले. "अरे, हे बटण आहे की औषधाचं नाव?"

डेव्हलपरने चित्राच्या फाइलचं नावच बटणाचं लेबल, म्हणजे फोनने बोलून दाखवायचं नाव, म्हणून ठेवलं होतं. लेबल आहे एवढं स्कॅनरला कळतं, ते माणसाला कळेल का, हे कळत नाही.

म्हणून नव्याने येणाऱ्यांनी आधी टॉकबॅक शिका. बहुतेक अँड्रॉइड फोनवर आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून तो चालू-बंद होतो. हा शॉर्टकट सेटिंगमध्ये चालू आहे ना, ते मात्र आधी बघा. मी बघितलं नव्हतं, अर्धा तास फोनशी झटत बसलो. उजवीकडे स्वाइप म्हणजे पुढचा घटक, दोनदा टॅप म्हणजे निवड. आठवडाभर रिचार्ज, तिकीट, बिल सगळं असंच करा, तेही स्क्रीनकडे न बघता. आयफोनवर व्हॉइसओव्हर (टॉकबॅकसारखीच सोय) चालू असताना तीन बोटांनी तीनदा टॅप केलं की पडदा काळा होतो, चोरून बघायची सोयच राहत नाही.

मग बारकावे आपोआप दिसू लागतात. लेबलमध्ये 'पुढे जा बटण' लिहिलं की फोन म्हणतो, 'पुढे जा बटण, बटण'. ओटीपीला तीसच सेकंद दिले तर मेसेज ऐकून परत येईपर्यंत वेळ संपलेली असते. मराठी ॲपमध्ये एखादं लेबल इंग्रजीच राहिलं, तर मराठी आवाज ते असं काही वाचतो की विचारू नका. अक्षरांचा मागच्या रंगाशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१, बटण किमान ४८ डीपी (अँड्रॉइडचं पडद्यावरचं माप), हे आकडे पाठ होतातच, त्यात फार अडकू नका.

बग लिहिताना मी सुरुवातीला ॲक्सेसिबिलिटीच्या नियमाचा क्रमांक टाकायचो. डेव्हलपर तो उघडूनही बघत नसत. आता पहिलं वाक्य असं असतं: 'दृष्टिहीन ग्राहकाला पैसे पाठवता येत नाहीत.'

मॅनेजर 'असे वापरणारे किती?' विचारणारच. तेव्हा २०१६चा दिव्यांग हक्क कायदा सांगा, आणि ३० एप्रिल २०२५चा सर्वोच्च न्यायालयाचा डिजिटल केवायसीवरचा निकालही. ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्यांना कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून दाखवा म्हणणारी पद्धत त्यात न्यायालयापुढे आली होती. आमच्या ॲपमध्येही तीच पायरी होती. मी हे बैठकीत सांगितलं, तेव्हा पुन्हा 'किती' कुणी विचारलं नाही.